प्राणहितेवरचा जलमार्ग आणि मामांची बार्ज

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने आदिलाबादला जाणं झालं. गोव्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तेलंगणात मराठी लग्न?" होय, मराठीच. पैनगंगा ओलांडली की राज्य बदलतं, पाट्या तेलुगू होतात, पण बेला, जैनद, तामसी या भागातल्या कित्येक गावांतून कानावर मराठी पडत राहते. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत रेघ कुठून तरी ओढावी लागते. ती ओढली की काही माणसं नेहमीच पलीकडे राहतात, हे आम्हां गोवेकरांना कुणी वेगळं सांगायला नको.

लग्न आटोपल्यावर दोन दिवस हाताशी होते. मंडळींनी कालेश्वरला जाण्याचा बेत केला आणि चेन्नूरवरून आम्ही अर्जुनगुट्ट्याला, प्राणहितेच्या काठावर आलो. हा भाग २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आता मंचेरियालमध्ये आहे. समोरच्या काठावर सिरोंचा, म्हणजे गडचिरोली, म्हणजे महाराष्ट्र. थोडं खाली प्राणहिता गोदावरीला मिळते. आता पूल झाले आहेत, गाड्या सुसाट जातात. काठावर एक डोंगा मात्र बांधलेला होता आणि त्याच्या शेजारी त्याचा मालक बसलेला होता.

मी नदीकाठचा माणूस. होडी दिसली की तिच्या मालकाशी बोलल्याशिवाय पाय निघत नाही. विचारलं, डोंग्यावर घर चालतं का? म्हणाला, "पावसाळ्यात चालते भाऊ. उन्हाळ्यात काय जी, पाणीच नसते. माणूस पायी पायीच नदी उतरते. मी तेंदूपत्ता तोडाले जातो." मासे धरतो, अधूनमधून कुणाचं सामान पलीकडे नेतो, पूल झाल्यापासून तेही कमी. बोलता बोलता तो डोंग्याला "पडव" म्हणाला. तेलुगू शब्द. मी चमकलो, कारण माझे आजोबा आपल्या मालवाहू होडीला "पडाव"च म्हणत.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे याच पाण्यावरून एकेकाळी मँचेस्टरला कापूस न्यायचा बेत होता. बेत म्हणजे नुसती कल्पना नव्हे. दगड फोडले गेले, बंधारे बांधले गेले, माणसं तापाने मेली.

सर ऑर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियराने (कापसाच्या योजनेचा कर्ता आणि आडनाव कॉटन!) १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला. त्यातून निघालेले कालवे शेतीसाठी तर होतेच, पण होड्यांसाठीही होते. त्यावर लॉक होते. लॉक म्हणजे होडीसाठी पाण्याचा जिना : खालचं दार उघडून होडी आत घ्यायची, दार लावायचं, वरून पाणी सोडून तिला उचलायचं आणि वरच्या दारातून पुढे पाठवायचं. वारा असला तर शीड, नसला तर काठावरून दोर खांद्याला लावून खलाशी होडी ओढत. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात हा व्यवहार पुढे अनेक दशकं उत्तम चालला.

कॉटनसाहेबांना वाटलं, हेच वरपर्यंत का नेऊ नये? गोदावरीतून प्राणहिता, प्राणहितेतून वर्धा, की थेट वऱ्हाड-नागपूरच्या कापसाच्या मुलखात. कापूस पाण्याने खाली काकीनाड्याच्या बाजूच्या बंदरांत उतरेल आणि जाताना समुद्राचं मीठ वर जाईल. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला भद्राचलमच्या वर दुमगुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. तिन्ही ठिकाणी बंधारा आणि वळसा घालणारा कालवा करून होड्या चढवायच्या. १८६० मध्ये निजामाशी तह झाला. त्यात गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि नदीवरच्या व्यापाराला जकात नसेल असंही ठरलं. सिरोंचा हे 'अपर गोदावरी' जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं. इतक्या आडबाजूच्या गावाला हे महत्त्व आलं त्यात या जलमार्गाचा मोठा वाटा होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरचे गिरणीवाले या योजनेच्या मागे हात धुऊन लागले.

आणि १८७१ मध्ये सगळं सोडून दिलं गेलं. दुमगुडेमचं काम बरंच पुढे गेलं होतं, वरची दोन पूर्णत्वाला गेलीच नाहीत.

असं का झालं, याची पुस्तकी कारणं सरळ आहेत. अमेरिकेतलं युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे भाव कोसळले. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईला जाऊ लागला. जंगलात मलेरियाने मजूर टिकेनात. नदीला होडी चालण्याइतकं पाणी वर्षातले मोजकेच महिने. कॉटनसाहेब पुढे १८७८ ला पार्लमेंटच्या समितीपुढेही कालवे रेल्वेपेक्षा किती स्वस्त हेच सांगत होते. त्यांचा हिशेब चुकीचा होता असं मला वाटत नाही. पाण्यावरून एक खंडी माल न्यायला लागणारी ताकद रस्त्यापेक्षा किती तरी कमी, हे कुठलाही तांडेल सांगेल.

पण त्या सगळ्या हिशेबात मला एक माणूस सापडत नाही, तो म्हणजे होडीचा मालक. कापूस किती, बंधाऱ्याचा खर्च किती, सरकारला परतावा किती, हे सगळं मोजलं गेलं. स्वतःची होडी करून, कर्ज काढून, त्यात बायकापोरांचं पोट घालून या पाण्यावर कोण उतरणार आणि फेब्रुवारीनंतर तो काय खाणार, हा प्रश्न हिशेबात मागे पडला. अर्जुनगुट्ट्याच्या त्या डोंगेवाल्याने मला दोन वाक्यांत जे सांगितलं ते तेव्हाही खरं असणार.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो.

आजोबांचा पडाव मांडवीत आणि म्हापशाच्या नदीत फिरे. आजोबा नुसते भाड्याने माल नेणारे नव्हते, माल त्यांचा स्वतःचा असे. आगरातलं मीठ भरायचं, वर धक्क्या-धक्क्याला थांबत विकायचं, येताना नारळ, सुपारी, लाकूडफाटा, कधी भाताच्या गोणी. पावसाळ्याआधी कौलं. मिठाला गिऱ्हाईक नसलं तर कौलं, कौलं नसली तर पाहुणे, देवळाच्या जत्रेची माणसं. पडाव हेच दुकान आणि पडाव हेच गोदाम. कुठल्या धक्क्यावर कोण उधारी बुडवतो हे त्यांना तोंडपाठ असे. म्हापशाला अजून "तार" म्हणतात ती जागा आहे. होड्या लागायच्या म्हणून तार. आज तिथे उभं राहून इथे मालाचे पडाव लागत असं मुलांना सांगितलं तर ती नाल्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मामांनी, जास्त शहाणपणा केला. निदान तेव्हा तो शहाणपणाच होता. खाणींचा जमाना आला होता. त्यांनी भागीदारीत, बँकेचं कर्ज काढून खनिजाची बार्ज घेतली. हजार टनांची. वरच्या धक्क्यावर भरायची, मुरगावला रिकामी करायची, बहुतेक वेळा मोकळीच परत यायची. पावसाळ्यात मांडवीचं तोंड आग्वादजवळ बंद होई तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत आणि तिथून मुरगाव. मी लहानपणी एकदा त्या फेरीत होतो. दोन्ही काठांना खारफुटी, चिखलात पहुडलेली मगर आणि सुकाणूवर उभा असलेला तांडेल, जो मला सारखा सांगत होता की पाण्यात हात घालू नकोस. मामांकडे पैसा आला, घर आलं, आजोबांच्या पडावाची आठवण काढली की ते हसत.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. पुढे मर्यादेत परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्च २०१८ पासून पुन्हा सगळं ठप्प. खाणींत जे चाललं होतं ते चालू द्यायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. नद्यांच्या काठची शेतं लाल झालेली मी पाहिली आहेत. पण बार्ज धक्क्यावर उभी राहिली तरी तिचा हप्ता उभा राहत नाही. खलाशांचे पगार, विमा, दरवर्षीची तपासणी, ड्रायडॉकचा खर्च. लोखंड खाऱ्या पाण्यात बसून गंजतं. मामांनी तिच्यात दुसरा माल घालायचा विचार केला का? केला. पण एवढ्या मोठ्या बार्जेला नारळ आणि कौलं पुरतात का? आणि ती लागणार कुठल्या धक्क्याला? गावोगावचे जुने धक्के एव्हाना गाळात गेले होते. शेवटी ती भंगारात गेली.

आजोबांचा पडाव पन्नास मालांवर जगला आणि मामांची बार्ज एका मालावर मेली. प्राणहितेचा जलमार्ग तर जन्मायच्या आधीच एका मालाला बांधला गेला होता. कापूस गेला, तोही गेला. याउलट खाली, गोदावरीच्या मुखाकडच्या कालव्यांवर तांदूळ, मीठ, फळं, माणसं, लग्नाची वऱ्हाडं असं सगळंच जात होतं म्हणून तिथल्या होड्या टिकल्या. पुढे लॉरी आणि बस आली तेव्हाच त्या हटल्या.

हे जुनं उगाळण्याला एक ताजं कारण आहे. २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय जलमार्ग कायदा केला आणि देशात एकूण १११ जलमार्ग जाहीर झाले. त्या यादीत ७८ व्या क्रमांकावर पैनगंगा-वर्धा आहे आणि १०९ व्या क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता. म्हणजे कॉटनसाहेबांची रेघ दीडशे वर्षांनी पुन्हा कागदावर उमटली. त्याच यादीत २७ वर कुंभारजुवें, ६८ वर मांडवी आणि १११ वर जुवारी आहे. आदिलाबादच्या नद्या आणि आमच्या नद्या एकाच कायद्याच्या एकाच परिशिष्टात नांदतात.

गोव्यात यावर बरंच रान उठलं. ग्रामसभांनी ठराव घेतले, नद्या दिल्लीच्या ताब्यात जाणार, कोळसा येणार, अशी भीती व्यक्त झाली. मला ती भीती अनाठायी वाटत नाही. पण त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी नदीवर फक्त एकच माल पाहिला. सरकारी बाजूला खनिज आणि कोळसा दिसत होता, विरोधकांनाही कोळसाच दिसत होता. नदीवर पूर्वी जगणारा आणि उद्या जगू शकेल असा लहान होडीवाला कुणाच्याच भाषणात नव्हता. मासेमारांचा उल्लेख झाला, तो व्हायलाच हवा होता. पण माल नेणाऱ्या, विकणाऱ्या, स्वतःची होडी असणाऱ्या माणसाचं काय?

आता काही खाणपट्टे लिलावाने पुन्हा सुरू होत आहेत. बार्जी पुन्हा रंगवल्या जातील, पुन्हा तरुण मुलं कर्जाचे कागद भरतील. त्यांना अडवण्याचा मला अधिकार नाही. पण जलमार्गावर पैसा खर्च होणारच असेल तर तो मोठ्या जेट्टीवर ओतण्याआधी गावच्या धक्क्यांचा गाळ काढण्यावर व्हावा. वीस-तीस टनांची होडी लागेल, चढ-उतार करता येईल, वर शेड असेल, बाजाराच्या दिवशी भाजी आणि मासळी उतरेल, एवढंच. परवान्यासाठी त्या माणसाला पणजीच्या दहा खेपा माराव्या लागू नयेत. कुंभारजुव्याचा कालवा सतरा किलोमीटरचा. भरती-ओहोटीचं पाणी, बारा महिने. प्राणहितेला जे कधी मिळालं नाही ते आमच्याकडे फुकट आहे.

आणि पैनगंगा-प्राणहितेच्या बाबतीत कुणीतरी त्या यादीच्या कागदाबरोबर एक मे महिन्यातलं छायाचित्रही जोडावं. निदान अर्जुनगुट्ट्याचं. वाळूतून पायी नदी उतरणारी माणसं त्यात दिसतील.

निघताना मी त्या डोंगेवाल्याला विचारलं, इथून खाली भद्राचलमपर्यंत डोंगा कधी नेलास का? तो हसला. "कशाले जी? जाऊन येऊन आणू काय तिथून?"

मामांना हे फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा मीठ आणायचे."