शब्द एकटा पाठ करू नका

नवी भाषा शिकताना आपण वहीच्या मधोमध एक रेघ ओढतो. एका बाजूला मराठी शब्द लिहितो आणि दुसऱ्या बाजूला त्याचा उर्दू अर्थ. मग ते पाठ करतो. 'झाड' म्हणजे दरख्त, 'पुस्तक' म्हणजे किताब. नामांसाठी ही रीत चालते; पण क्रियापदांसाठी ती पुरी पडत नाही, असे माझे मत आहे.

'लागणे' हे रोजचे क्रियापद घ्या. परळीच्या बसस्थानकावर कोणी म्हणाले, "सिरसाळ्याची गाडी लागली," तर गाडी फलाटावर येऊन उभी आहे, असे समजा. पण शेजारचा प्रवासी म्हणाला, "मला गाडी लागते," तर त्याला प्रवासात मळमळते. त्याला खिडकीजवळची जागा द्या! पायाला ठेच लागते, पोटाला भूक लागते, परीक्षेचा निकाल लागतो, कोणाचे बोलणे मनाला लागते. 'बाळ रडू लागले' यात सुरुवात आहे, तर 'मला जावे लागते' यात नाइलाज आहे.

हे फक्त मराठीतच घडते असे नाही. १९८९ साली ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती २० खंडांत निघाली. तिच्यात 'सेट' या छोट्याशा क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिलेले आहेत. सूर्य 'सेट' होतो म्हणजे मावळतो, घड्याळ 'सेट' करतात म्हणजे वेळ जुळवतात आणि दही 'सेट' होते म्हणजे, आपल्या भाषेत, दही लागते!

मग हे सारे अर्थ पाठ करायचे का? मुळीच नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो. म्हणून क्रियापद एकटे शिकू नका, ते वाक्यात शिका.

काही जण म्हणतात, "मराठी शिकायची तर उर्दू बाजूला ठेवा." मला हे पटत नाही. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, तर शेतात आणि बाजारात मराठी बोलली जाई. या दोन भाषा इथे जुन्या शेजारणी आहेत. 'लागणे' आणि 'लगना' यांचे मूळही एकच. म्हणून 'भूक लगी' आणि 'भूक लागली' हे तुम्हांला न शिकवताही कळते. मात्र प्रत्येक वेळी तसे होत नाही. 'डर लगता है' याचे मराठीत 'भीती वाटते' होते, 'ठंड लगती है' याचे 'थंडी वाजते' होते. उलट 'जाना पडता है' म्हणायचे असेल तेव्हा मराठीत 'जावे लागते' येते. उर्दूचा हात धरून चाला, पण पाऊल मराठी रस्त्यावर टाका.

ही केवळ परीक्षेच्या गुणांची गोष्ट नाही. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "कुठे लागले?" दुकानात आपण विचारतो, "किती पैसे लागतील?" आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीला जातात. ती मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतात. तिला 'उचल' म्हणतात. शब्द 'उचलणे' यावरूनच आला आहे. पण 'उचल फिटली' आणि 'उचल अंगावर राहिली' या दोन वाक्यांत एका कुटुंबाच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब असतो. फिटली म्हणजे फेडून झाली, अंगावर राहिली म्हणजे अजून देणे आहे. ज्याला हा फरक कळत नाही, तो हिशेबात सहज फसू शकतो.

तेव्हा आजपासून वहीतली ती रेघ पुसा. रोज बाजारात, बसमध्ये, शेतात ऐकलेले एक मराठी वाक्य जसेच्या तसे लिहा. त्याखाली त्याच अर्थाचे उर्दू वाक्य लिहा आणि दोन्हींतील क्रियापदे ताडून पाहा. बोलताना चूक झाली आणि कोणी हसले, तरी गप्प बसू नका. नीट विचारून घ्या आणि पुन्हा बोला. बोलत राहिलात, तर मराठीची गोडी लागायला वेळ लागणार नाही!