चित्रपटातील वास्तू : स्वायत्ततेचा एक सोयीस्कर भ्रम

चित्रपटात दिसणारे घर हे केवळ त्या चित्रपटाचे घर असते, हे मत चित्रपटसमीक्षेत आता जवळजवळ निर्विवाद मानले जाते. ते घर प्रत्यक्षात कोठे आहे, कोणी बांधले, कोणाच्या धनावर उभे राहिले, हे प्रश्न कलाबाह्य ठरतात. स्वायत्ततावादाने कलाकृतीला लौकिकापासून अलग केले. संरचनावादी परिभाषेने वास्तूला चिन्हव्यवस्थेतील एक चिन्ह मानून त्याच अलगपणाला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. दोन्ही भूमिकांची तात्त्विक गोत्रे भिन्न आहेत. निष्कर्ष मात्र एकच. हा निष्कर्ष तपासला पाहिजे, कारण ज्या कलाकृतींच्या बळावर तो मांडला जातो त्याच त्याच्याविरुद्ध साक्ष देतात.

सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’चे (१९५८) उदाहरण घ्यावे. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या कथेतील जमीनदाराला साजेल असा वाडा राय यांना मुर्शिदाबाद जिल्ह्यात, पद्मेच्या काठी, निमतिता येथे सापडला. राय यांनी पुढे लिहिलेल्या हकिकतीनुसार, ही निवड ऐकून कथाकार चकित झाले : त्यांनी निमतिता पाहिले नव्हते, परंतु बंगाली जमीनदारांच्या इतिहासात त्यांनी ज्या उपेंद्रनारायण चौधरींविषयी वाचले होते व ज्यांच्यावरून नायक घडवला होता, ते याच घराण्यातले. या घटनेकडे रम्य योगायोग म्हणून पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः येथे वास्तूचा इतिहास संहितेच्या बाहेर उभा नाही. तो संहितेच्या उगमाशीच आहे.

यावर स्वायत्ततावाद्याचे उत्तर तयार असते. चित्रपटातील संगीतदालन निमतित्यात नव्हतेच. ते बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारले. शिवाय ‘देवी’ (१९६०) या चित्रपटात त्याच वाड्याला निराळा अर्थ प्राप्त झाला. मग अर्थ संहिताच निर्माण करते, असे का म्हणू नये? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु नेपथ्यातील दालन खरे वाटते ते बाहेरच्या खऱ्या खांबांच्या आणि पडक्या गच्चीच्या जोरावर. आणि दोन्ही चित्रपटांतील घरे जमीनदाराचीच आहेत, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. संहिता वास्तूला नवा अर्थ देते हे खरे. पण तो अर्थ ती कोऱ्या पाटीवर लिहीत नाही.

मुख्य प्रश्न याहून पुढचा आहे. असा वाडा चित्रीकरणासाठी उपलब्ध का होतो? १७९३ च्या कायमधाऱ्याने ज्या वर्गाला बळ दिले, त्याची मध्यस्थ सत्ता पश्चिम बंगालमध्ये १९५३ च्या कायद्याने संपुष्टात आणली. वाड्याच्या रिकामेपणाला कारण आहे आणि त्या कारणाला सन आहे. ‘जलसाघर’मध्ये विश्वंभर राय यांची रसिकता आणि महिम गांगुलीचा नवा पैसा यांचा संघर्ष दिसतो, ज्या रयतेच्या साऱ्यावर ते झुंबर लटकले ती रयत मात्र पडद्यावर जवळपास नाही. केवळ प्रतिमेपुरते पाहणारी समीक्षा या अनुपस्थितीला करुणरस समजून बसते. वास्तूचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकालाच ती अनुपस्थिती म्हणून दिसते.

महाराष्ट्रातील स्थिती याच्या उलट आणि अधिक चिंताजनक आहे. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट आहे. ‘स्वदेस’मध्ये (२००४) हीच मेणवली उत्तर प्रदेशातील ‘चरणपूर’ झाली. ‘गंगाजल’मध्ये (२००३) वाईचा परिसर बिहार म्हणून उभा राहिला. निमतित्याचा इतिहास कथेत झिरपला होता. मेणवलीचा इतिहास पुसला गेल्यावरच ती उपयोगी पडते. घाटाजवळच्या देवळाची घंटा पोर्तुगीज आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली त्या विजयाची ती खूण. तीही मूळ जागेवरून हललेलीच आहे. पण तिचे स्थलांतर स्वतःचा इतिहास सांगते. कॅमेऱ्याने केलेले स्थलांतर तो इतिहास नाकारून सिद्ध होते.

पेशवाईच्या कारभारावर प्रकाश टाकणारे मेणवली दप्तर याच वाड्यातले. ते पारसनिसांच्या संग्रहातून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. कागद गेले, भिंती राहिल्या. आणि कॅमेऱ्याला भिंतीच लागतात. चित्रपटाला त्या भिंतींकडून अस्सलपणा हवा असतो : झिजलेला दगड, सत्तेने ठरवलेली प्रमाणे, दीर्घ वापराने आलेली कळा. ही सारी इतिहासाचीच कमाई. ती घ्यायची आणि इतिहास कलाबाह्य ठरवायचा, म्हणजे कर्ज घेऊन सावकाराचे नाव विसरण्यासारखे आहे. दिग्दर्शकाला हे विस्मरण क्षम्य असेल. समीक्षकाने त्याला सिद्धान्ताचे रूप द्यावे, हे क्षम्य नाही.

‘येथे अमुक चित्रपट झाला’ अशा स्थानिक अभिमानाने ही उणीव भरून निघत नाही. तो त्याच विस्मरणाचा पर्यटनी अवतार आहे. चौकटीत घर जसे दिसते त्याच्यासोबत ते घर ज्या जमीनधाऱ्यावर उभे राहिले त्याचाही विचार करणे, आणि या दोहोंमधील अंतर कलाकृतीने कसे वापरले किंवा लपवले ते दाखवणे, हे चित्रपटसमीक्षेचे काम आहे. ते इतिहासकाराकडे ढकलून तिला स्वतःला साहित्यविद्या म्हणवून घेता येणार नाही.