‘बरं आहे’ म्हणजे नेमकं काय?

मधुमेहाच्या रुग्णाला ‘तब्येत कशी आहे?’ असे विचारले, तर उत्तर केवळ साखरेवर ठरत नाही. पायांची जळजळ, अंधूक दिसणे, मनाची उदासी, औषधांचा खर्च, सारे त्यात मिसळते. शिवाय आजूबाजूचे लोक कशाला निरोगी म्हणतात, यावरही ते अवलंबून असते. म्हणून देशादेशांतील अशा उत्तरांची तुलना जपूनच करावी.

अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये हेच दाखवले. केरळमध्ये आयुर्मान जास्त, तरी आजाराच्या तक्रारीही जास्त; बिहारमध्ये दोन्ही कमी. अमेरिकेत तक्रारी केरळपेक्षाही अधिक. जिथे शिक्षण आणि दवाखाना जवळ आहे, तिथे आजार ओळखता येतो. जिथे नाही, तिथे दुखणे ‘वयाचे’ म्हणून अंगावर काढले जाते.

तरीही हा प्रश्न विचारायलाच हवा. १९९७ मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. प्रकृती वाईट सांगणाऱ्यांत पुढे मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याचे त्यातील बहुतेक अभ्यासांत आढळले. त्यामुळे रिपोर्ट चांगला असला, तरी ‘बरं वाटत नाही’ हे डॉक्टरांनी उडवून लावू नये. आणि रुग्ण ‘बरं आहे’ म्हणाला, तरी पाय, डोळे आणि लघवीतील प्रथिने वर्षातून एकदा तपासलीच पाहिजेत.