चाकांवरून बर्फावर

शरीर एकदा जे मनापासून शिकते, ते सहसा विसरत नाही. वीस वर्षांनी सायकलवर बसलेला मनुष्य दोन-चार हेलकावे खातो आणि सावरतो. बालपणी विहिरीत पोहायला शिकलेल्या आजी उतारवयातही पाण्यावर सहज तरंगतात. ही शरीराची स्मृती म्हणजे आयुष्यभराची ठेव होय. परंतु पायाखालची जमीन बदलली, की याच ठेवीतील काही सवयी अंगाशी येतात. चाकांच्या स्केटिंगवरून बर्फावरील स्केटिंगकडे वळणाऱ्यांना याचा अनुभव पहिल्याच दिवशी येतो.

हा विषय आता अनेक मराठी कुटुंबांच्या जवळ आला आहे. पुण्यात किंवा नागपुरात चाकांवर तरबेज झालेले मूल आईवडिलांबरोबर कॅनडा-अमेरिकेत जाते आणि पहिल्या हिवाळ्यातच बर्फाच्या रिंकवर उभे राहते. सहा महिन्यांसाठी तेथे गेलेले आजी-आजोबा कठड्याशी थांबून पाहत असतात. ‘याला तर स्केटिंग येतेच’ असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतक अर्धे खरे आहे.

खरा अर्धा भाग आधी पाहू. गुडघे किंचित वाकवून उभे राहणे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर अलगद नेणे, पाय मागे न ढकलता बाजूला रेटून वेग घेणे, ही सारी कौशल्ये दोन्हीकडे समान आहेत. अमेरिकेची एरिन जॅक्सन ही चाकांच्या शर्यतींतील नामांकित खेळाडू. तिने २०१७ साली बर्फावर गंभीरपणे सराव सुरू केला आणि अवघ्या चार महिन्यांच्या सरावावर २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली. पुढे २०२२ साली बीजिंग येथे ५०० मीटर शर्यतीत तिने सुवर्णपदक जिंकले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली. मात्र त्याच वर्षीच्या जानेवारीत देशांतर्गत निवड चाचणीत तिचा पाय घसरला होता आणि ती तिसऱ्या क्रमांकावर गेली होती. तिच्याप्रमाणेच चाकांवरून बर्फावर आलेली तिची सहकारी ब्रिटनी बोवी हिने स्वतःची जागा तिला दिली, म्हणून ती बीजिंगला या शर्यतीत उतरू शकली. इतकी निष्णात खेळाडूही बर्फावर घसरते, हे कठड्याशी उभ्या असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

आता उरलेला अर्धा भाग, म्हणजे थांबणे. चार चाकांच्या जुन्या पद्धतीच्या स्केटला पुढच्या बाजूस रबरी अडसर असतो. एका रांगेतील चाकांच्या स्केटला तो बहुधा टाचेमागे असतो. बर्फाच्या स्केटला असा ब्रेकच नसतो. तेथे असते एक पोलादी पाते, साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे. त्याच्या तळाला लांबवर पन्हळीसारखी खोलगट रेघ असल्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन धारा तयार होतात. चालणे, वळणे आणि थांबणे हे सर्व या दोन धारांवर अवलंबून असते. घर्षण अत्यल्प असल्याने एकदा रेटा दिला, की शरीर अपेक्षेपेक्षा बरेच पुढे जाते.

धोका उद्भवतो तो सवयीमुळे. टाचेने थांबण्याची सवय असलेले मूल घाईत मागे झुकते आणि पाठीवर आपटते. पुढच्या अडसराची सवय असलेले मूल चवडा टेकवते. कलात्मक स्केटिंगच्या पात्याला पुढे करवतीसारखे दाते असतात, ते बर्फात रुततात आणि मूल तोंडावर पडते. म्हणून पहिल्या दिवशी वेगाआधी थांबणे शिकवावे. दोन्ही पायांचे अंगठे आत वळवून, टाचा बाहेर दाबून, बर्फ हलकेच खरवडत थांबण्याची पद्धत सर्वांत सोपी. ती कठड्याजवळ हळू वेगात पुन्हा पुन्हा करून घ्यावी.

दुसरे शिक्षण पडण्याचे. तोल जाताच मनुष्य हात पुढे करतो आणि सारा भार मनगटावर येतो. मनगटाच्या अशा अस्थिभंगाचे वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तोल जातोय असे वाटताच गुडघे अधिक वाकवून खाली बसावे आणि एका कुशीवर, मांडीच्या मांसल भागावर पडावे. पडल्यावर बोटे मुठीत घ्यावीत, कारण इतरांची पाती जवळून जात असतात. उठताना आधी गुडघ्यांवर यावे, मग एक पाऊल रोवून, हात मांडीवर टेकवून उभे राहावे. शिरस्त्राण, हातमोजे आणि घोट्याशी घट्ट बांधलेली नाडी यांत कसूर नसावी.

आजी-आजोबांनी स्वतः बर्फावर उतरावे काय? ज्यांनी पूर्वी स्केटिंग केले आहे, ज्यांची हाडे सुदृढ आहेत, त्यांना वयाची बंदी नाही. परंतु अस्थिठिसूळता, चक्कर येणे, मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी होणे, किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असणे, यांपैकी काहीही असल्यास हा मोह टाळावा. अशी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार बसला, तर वरून जखम दिसत नसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. कठड्याबाहेरही ओल्या फरशीवर जपून चालावे. रबरी चटईवरूनच ये-जा करावी.

बर्फावरचा हा धडा घरातही उपयोगी पडतो. आपला तोल डोळे, अंतर्कर्ण आणि सांधे-स्नायूंतून येणारी जाणीव अशा तिघांच्या सहकार्याने सांभाळला जातो. वयानुसार या तिघांचा वेग मंदावतो. त्यातच पायाखालचे बदलते: मुलाच्या नव्या सदनिकेतील गुळगुळीत फरशी, नवी चप्पल, चष्म्याचा नवा क्रमांक, हातातील नवा वॉकर. पाऊल मात्र जुन्याच अंदाजाने पडते. काळजी घेणाऱ्यांनी अशा बदलानंतरचे पहिले काही दिवस विशेष जपावेत. रात्री दिवा असावा, न्हाणीघरात पकडायला दांडी असावी, आणि नव्या जागेतील पहिल्या फेऱ्या कोणाच्या तरी सोबतीने व्हाव्यात.

नातवाला रिंकवर पहिली दहा मिनिटे कठडा धरायला सांगावे, तसेच आपणही रोज स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग दुसऱ्या. जवळ कोणी असावे. हात ओट्यावरून काढण्याची घाई नको. कठडा धरणे हे कमीपणाचे लक्षण नाही. नव्या जमिनीची ओळख होईपर्यंत तरबेज माणसेही तो धरतात.