ओळख राखायची कुणी?

कृत्रिम बुद्धिमत्तेने लेखन आणि चित्र यांच्यापाठोपाठ आता चलच्चित्राच्या प्रांतातही पाऊल टाकले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआय या कंपनीने ‘सोरा’चे नमुने जगापुढे ठेवले, मे २०२५ मध्ये गूगलचे ‘व्हिओ ३’ आले आणि चित्राबरोबर आवाजही मिळू लागला. चार ओळी लिहून दिल्या, की पडद्यावर माणसे चालू-बोलू लागतात. कॅमेरा नाही, स्टुडिओ नाही, नटसंच नाही. रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही, मनात आणले तर, आपल्या भागातील एखादी कथा दृश्यरूपाने मांडता येईल अशी परिस्थिती निर्माण झाली आहे. ही गोष्ट निःसंशय आनंदाची आहे. परंतु आनंदाच्या भरात एका प्रश्नाकडे आपले दुर्लक्ष होऊ नये, असे मला वाटते. तो प्रश्न सातत्याचा आहे.

‘व्हिओ ३’ एका वेळी साधारण ८ सेकंदांचा तुकडा तयार करते. आठ सेकंदांत नमस्कार होईल, कथा होणार नाही. म्हणून तो तुकडा पुढे वाढवावा लागतो. समजा, नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेली एक आराधीण आपण चित्रात आणली. हिरवे नऊवारी लुगडे, कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. पहिला तुकडा झकास उतरतो. दुसऱ्यात लुगड्याचा हिरवा रंग किंचित भडक होतो. तिसऱ्यात ती पाठमोरी होऊन पुन्हा वळते, तेव्हा कवड्यांच्या जागी मोती आलेले असतात. पाचव्या तुकड्यापर्यंत कासोटा जाऊन गोल साडी येते, आणि चेहरा तर भलत्याच बाईचा असतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पाहिला तर सुंदरच असतो. पण सगळे जोडून पाहिले, की देवळाच्या पायरीशी पोहोचणारी बाई घरातून निघालेली बाई नसते!

असे का व्हावे? कारण यंत्र त्या आराधिणीला ओळखतच नाही. त्याच्यापुढे असतात ते केवळ आपले शब्द आणि मागील चित्राचा एक तुकडा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘व्हिओ ३.१’ मध्ये चित्र वाढवण्याची जी सोय आहे, ती मागच्या तुकड्याच्या शेवटच्या एका सेकंदाचा आधार घेते. त्या सेकंदात जे दिसले तेच खरे. माळ पदराआड गेली असेल, तर यंत्राच्या लेखी माळ कधी नव्हतीच. शिवाय दुसरा तुकडा पहिल्यावरून, तिसरा दुसऱ्यावरून असा क्रम चालला, की नकलेची नक्कल होत जाते. वहीवरून वही उतरवताना पहिल्याची चूक दुसऱ्याकडे जाते आणि दुसरा आपली एक भर घालतो, तसाच हा प्रकार.

त्यातही लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की हे चित्र वाटेल त्या दिशेला भरकटत नाही. यंत्राने जे पुष्कळ पाहिले आहे त्याच्याकडे ते सरकते. मोत्यांच्या माळा त्याने लाखो पाहिल्या असतील, कवड्यांच्या किती? म्हणून जे सर्वत्र आढळते ते टिकते, आणि जे केवळ आपले आहे ते सर्वांआधी गळून पडते. सातत्याचा प्रश्न हा म्हणूनच निव्वळ तंत्राचा नाही. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील माणसाला तो अधिक लागू आहे.

काही जण म्हणतील, यंत्रे सुधारतील आणि ही अडचण आपोआप दूर होईल. यंत्रे सुधारतील यात शंका नाही. चेहरा आणि वेश यांची नमुनाचित्रे सोबत देण्याची सोय आजही काही यंत्रांत झालेली आहे. पण कोणते चित्र नमुना म्हणून द्यायचे आणि त्यातील काय बदलता कामा नये, हे कोण ठरवणार? ते ठरवायला कथा कळावी लागते. आणि कथा ज्याची आहे, त्यालाच ती कळते.

हा प्रश्न आपल्याकडे मुळीच नवा नाही. आपल्याच मराठवाड्यातील अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात, पाचव्या शतकातील वाकाटक काळात, विश्वंतर जातकाची कथा भिंतीवर रंगवली गेली. दानशूर राजपुत्राची हद्दपारी, वनवास, पोटच्या मुलांचे दान असे एकामागून एक प्रसंग तेथे आहेत आणि राजपुत्र त्यांत पुन्हापुन्हा येतो. त्याची अवस्था पालटते, पण ती कथेमुळे पालटते. यातून एक सूत्र हाती येते: बदल हा दोष नव्हे, अकारण बदल हा दोष आहे. आराधिणीचे लुगडे पावसात भिजून गडद झाले तर ती कथा होईल; ते उगीचच भडक झाले तर ती चूक होय.

दुसरा दाखला मराठी माणसाने घडवलेल्या चित्रपटाचा. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका वठवल्या. चेहरा एक आणि पात्रे दोन! तरीही प्रेक्षकांनी राम वेगळा आणि सीता वेगळी मानली, कारण वेश, अलंकार, उभे राहण्याची ढब ही दोघांची निरनिराळी होती. आजच्या यंत्राची गत नेमकी उलटी आहे. तेथे पात्र एक आणि चेहरे पाच! म्हणजे पात्राची ओळख केवळ नाकाडोळ्यांत नसते. ती ठरावीक खुणांत असते, आणि त्या खुणा कुणीतरी निश्चयाने सांभाळाव्या लागतात.

चित्रपटाच्या धंद्यात हे सांभाळण्याचे काम माणसाकडे सोपवलेले असते. एकाच प्रसंगाचे चित्रण आज अर्धे आणि पंधरवड्याने अर्धे होते. तेव्हा नटाच्या सदऱ्याचे कोणते बटण उघडे होते, पेला कोणत्या हातात होता, याची नोंद ठेवणारा एक साहाय्यक असतो. पडद्यावर त्याचे काम दिसत नाही. ते चुकले तरच दिसते. यंत्राने कॅमेरामन, नट, रंगभूषाकार यांची जागा घेतली असेल. या नोंदवहीवाल्याची जागा मात्र रिकामी आहे. ती आपण घेतली पाहिजे.

ती घ्यायची तर काय करावे? पहिला तुकडा बनवण्यापूर्वीच पात्राचे समोरून, बाजूने आणि पाठमोरे अशी तीन चित्रे पक्की करावीत. न बदलणाऱ्या चार-पाच खुणा वहीत लिहाव्यात आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दांत द्याव्यात. ‘हिरवे लुगडे’ आणि ‘पोपटी साडी’ यांत यंत्र फरक करते. पुढचा तुकडा वाढवताना मागच्याच्या शेवटावर विसंबून न राहता मूळ चित्राकडे परत जावे. तुकडा अशा क्षणी थांबवावा, की चेहरा आणि खुणा स्पष्ट दिसत असतील. आणि एकच दृश्य ताणत नेण्यापेक्षा ते तोडून नव्या कोनातून सुरू करावे. चित्रपटकलेने शंभर वर्षे हेच केले आहे. आठ सेकंदांचे बंधन त्यामुळे फारसे जाचत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘महाभारत: एक धर्मयुद्ध’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनवलेली मालिका जिओहॉटस्टारवर आली. तेव्हा प्राचीन राजवाड्यात आजच्या घरातले फर्निचर दिसते, अशी टीका झाली. महाभारत सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून चूक लगेच पकडली गेली. आपल्या आराधिणीच्या गळ्यात मोती आले, तर पुण्या-मुंबईचा प्रेक्षक ते पकडील काय? तो तेच खरे समजेल. उद्या ते चित्र यंत्रांच्याच शिक्षणासाठी वापरले गेले, तर कवड्यांची माळ आणखी एक पाऊल मागे जाईल.

म्हणून आपल्या विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे एवढेच, की या नव्या साधनाला भिऊ नका आणि त्याच्यावर भाळूही नका. ते हाती घेण्यापूर्वी एकदा आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायांजवळ बसा. परडीत काय काय असते, माळेत कवड्या कशा ओवतात, लुगड्याचा कासोटा कसा घालतात, हे विचारून वहीत लिहून ठेवा. यंत्र चित्र पुरवील, पण त्यातली खूण आपल्यालाच पुरवावी लागेल, आणि ती ठाऊक असणारी माणसे सध्या आपल्या घरात आहेत.