निर्माल्य आणि प्रमाणपत्र

अनंत चतुर्दशीला पुण्यातील मुठेचा घाट असो वा नाशिकची गोदावरी, निर्माल्य-कलशापाशी दहा-बारा वर्षांची मुले तासन्‌तास उभी दिसतात. आलेल्याला नमस्कार करायचा, पिशवी मागून घ्यायची, प्लॅस्टिक, सुतळी, जरीची माळ वेगळी काढायची आणि दूर्वा-फुले तेवढी कलशात टाकायची. काम साधे खरे. पण आजोबांच्या वयाच्या गृहस्थांना 'हे नदीत टाकू नका' असे नम्रपणे सांगायला जे धैर्य लागते, ते कोणत्याही शिकवणी वर्गात मिळत नाही.

यात धर्माची अवहेलना होते, असे काही श्रद्धाळूंना वाटते. वस्तुतः पार्थिव पूजेची मूर्ती मातीची. उत्तरपूजेनंतर तिने जलात विरून जावे, हाच विसर्जनाचा भाव. प्लॅस्टर ऑफ पॅरिस विरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ते विरघळवण्याची रीत दाखवून दिली. खाली उरते कॅल्शियम कार्बोनेट आणि वरच्या पाण्यात खताला उपयोगी अमोनियम सल्फेट. फुले कुजतात खरी, पण कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेतात आणि मासे तडफडतात. हे कारण समजलेले मूल पाठ केलेली घोषणा देत नाही, समोरच्याची समजूत घालते.

चिंता आहे ती वेगळीच. अलीकडे या सेवेलाही प्रमाणपत्र लागते. पालक मोटारीतून येतात, पाल्याच्या हाती मोजे चढवतात, कलशाशेजारी छायाचित्र काढतात आणि अर्ध्या तासात परततात. (त्यांच्याच घरचे निर्माल्य कित्येकदा पिशवीसकट आलेले असते!) मुलाच्या ध्यानात एवढेच राहते की, चांगुलपणा हा दाखवण्याचा जिन्नस आहे. गाडगेबाबा (१८७६-१९५६) दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आधी खराटा, मग देवाचे नाव, हा क्रम त्यांनी जन्मभर मोडला नाही. मुलांना बाबांचे चरित्र सांगणारे पुष्कळ आहेत. खराटा हाती देणारे थोडे.

मुलांना पूर्ण काम द्यावे. दुसऱ्या दिवशी कलश रिकामे करताना, फुले खताच्या खड्ड्यात पडताना त्यांनी तेथे असावे. दुर्गंध येईल, तोही येऊ द्यावा. पुढे पितृपक्ष सरताच नवरात्र येते. घटावरच्या नऊ माळा दसऱ्याला उतरतात तेव्हा घाटावर मांडव नसतो, प्रमाणपत्र वाटणारेही नसतात. त्या माळा कुठे टाकायच्या, हे त्या दिवशी घरातल्या लहानग्याला विचारून पाहावे.