छायाचित्रातून वगळलेला नागरिक

आषाढी वारीसाठी शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते, तेव्हा वाटेवरच्या गावोगावी छायाचित्रे घेतली जातात. भाकरी वाढणारी बाई, झाडाखाली पहुडलेला वारकरी, ह्यांच्याकडे कॅमेरा वळला तर कुणाच्या जिवाला धोका नसतो. त्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत, ही निर्धास्तता दशकानुदशके नव्हती.

ह्या जिल्ह्याची जी छायाचित्रे उर्वरित महाराष्ट्राने पाहिली, ती बहुतेक मृतदेहांची किंवा खाली ठेवलेल्या शस्त्रांची. २०१८ च्या एप्रिलात कसनासूर परिसरात चाळीस माओवादी मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळच्या स्फोटात पंधरा पोलीस मृत्यू पावले. ह्या दोन तारखांच्या मधल्या काळात तेथील माणूस मोहफुले वेचीत होता, तेंदूच्या फडावर पुडके मोजून देत होता. त्याचे चित्र कोठे आहे? ज्याचे जगणे दिसत नाही, त्याचा मजुरीचा व जंगलहक्काचा प्रश्न विरून जातो आणि उरतो तो फक्त बंदोबस्ताचा. मेंढा (लेखा) ह्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला, ही घटना चकमकींहून लहान नव्हती. परंतु तिला तेवढी जागा मिळाली नाही.

सत्तेलाही दैनंदिन जीवन हवे असते, पण आपल्या पसंतीचे. काश्मीरचा तरुण छायाचित्रकार कामरान युसूफ ह्याला २०१७ मध्ये अटक झाली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०१८ मध्ये न्यायालयापुढे मांडले, की रुग्णालये, शाळा, रस्ते ह्यांच्या उद्घाटनांचे चित्रण त्याने केले नाही, म्हणजे पत्रकाराचे नैतिक कर्तव्य बजावले नाही! २०२२ साली न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केले. पत्रकाराचे कर्तव्य पोलिसांनी ठरवावयाचे, हा विचार मात्र त्या निकालाने संपला असे मानता येत नाही.

तथापि कॅमेरा स्वभावतः निष्पाप नव्हे. गडचिरोलीत खबऱ्या ठरवून माओवाद्यांनी गावकऱ्यांना ठार केले आहे. माओवाद्यांचे साथी म्हणून पोलिसांचा संशयही त्यांनीच सोसला आहे. अशा ठिकाणी एका चेहऱ्याचे चित्र त्या माणसावर संकट आणू शकते. म्हणून संमती ही शिष्टाचाराची बाब नसून न्यायाची आहे. ग्रामसभेला विचारावे, नको तेथे चेहरा टाळावा, चित्राची प्रत गावात ठेवावी.

२०२५ च्या ऑक्टोबरात भूपती ह्या ज्येष्ठ माओवादी नेत्याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. त्या सोहळ्याची चित्रे सर्वत्र झळकली. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज बाहेर जात आहे, त्याचीही झळकतील. पण पायथ्याची शेते, पाणवठे, देवस्थाने आणि वाटा ह्यांची नोंद आज झाली नाही, तर उद्या नुकसानभरपाईच्या वादात गावाजवळ दाखविण्यासारखे काय उरेल? बंदुका शांत झाल्यावर सुरू होणारा झगडा हा पुराव्यांचा असतो. कार्यकर्त्यांनी ग्रामसभांच्या सोबतीने हे काम आताच हाती घेतले पाहिजे.